काट्यावर वाढलेला किलो

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ ते एक्याऐंशी वयाची ६५ निरोगी माणसं त्यात होती. काहींना रोज २५ मिलिग्रॅमची एक गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. वर्ष संपताना खरी गोळी घेणाऱ्यांचं चरबी वगळून मोजलेलं वजन सरासरी १.१ किलोने वाढलं होतं. दुसऱ्या गटाचं अर्ध्या किलोने घटलं होतं. मग ताकद मोजली. त्यात काहीही फरक पडलेला नव्हता.

हीच गोळी आज ‘एमके-६७७’ किंवा ‘इब्युटामोरेन’ या नावाने मोबाइलवर चार बटणं दाबून घरपोच मागवता येते. जिममध्ये अंग कमावणाऱ्या पोरांना ती ‘इंजेक्शनशिवाय ग्रोथ हार्मोन’ म्हणून सांगितली जाते. कोल्हापुरातल्या वाचकांशी मला तिच्याबद्दल बोलायचं आहे, कारण किलो आणि ताकद यांतला फरक या गावाइतका कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी देशाला कुस्तीतलं ब्राँझ मिळवून दिलं, ते ५७ किलोच्या गटात. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. घर गहाण पडलं ते त्या अंगातल्या चपळाईसाठी आणि डावासाठी.

गोळी काम कशी करते, ते आधी समजून घेऊ. ती स्वतः ग्रोथ हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ती ते जास्त सोडायला लावते. मर्क या औषध कंपनीने ती नव्वदच्या दशकात बनवली आणि शरीरात ती नेमकी कुठे जाऊन बसते, ती जागा १९९६ मध्ये सापडली. पण आपल्या शरीरातला कोणता पदार्थ मुळात त्या जागेसाठी बनला आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. तो पदार्थ म्हणजे ग्रेलिन, रिकाम्या जठरातून निघणारं भुकेचं संप्रेरक. म्हणून या गोळीने भूकही खवळते. पोरगा दोन भाकऱ्या जास्त खातो, शरीर पाणी धरून ठेवतं, चेहरा आणि दंड भरल्यासारखे दिसतात, काटा पुढे सरकतो आणि गोळी ‘लागू पडली’ अशी खात्री पटते. त्या भरलेपणात स्नायू किती आणि पाणी किती, हे आरशात दिसत नाही.

तोटा मात्र रक्तात दिसतो. व्हर्जिनियाच्या त्याच अभ्यासात उपाशीपोटी साखर सरासरी डेसिलिटरमागे पाच मिलिग्रॅमने वाढली आणि इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता कमी झाली. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. काहींच्या पायांवर सूज आली, काहींचे स्नायू दुखू लागले. स्थूल पुरुषांवरच्या दोन महिन्यांच्या एका वेगळ्या अभ्यासातही साखर पचवण्याची शक्ती बिघडलेली आढळली, तीही दुसऱ्याच आठवड्यात. पाच मिलिग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण हे आपल्या देशात ऐकायचं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे साडेतेरा कोटी माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. जिममधल्या कितीतरी पोरांचे वडील, मामा, आजी साखरेच्या गोळ्या घेतात. त्या घरातल्या बावीस वर्षांच्या मुलाने विकत घेऊन साखर वाढवावी, हे मला असह्य वाटतं.

सर्वांत गंभीर गोष्ट हृदयाची. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना ही गोळी देऊन ते लवकर चालू लागतात का, हे १२३ रुग्णांवर पाहिलं जात होतं. गोळी घेणाऱ्या गटात हृदय निकामी होण्याचे प्रसंग जास्त दिसले, म्हणून तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. संख्या लहान होती, पण ज्यांनी प्रयोग मांडला त्यांनीच तो सोडला. अल्झायमरच्या ५६३ रुग्णांवर वर्षभर दिलेल्या गोळीनेही आजारात काही फरक पडला नाही.

यावर जिममधून येणारं उत्तर मला ठाऊक आहे: ‘ती म्हातारी माणसं होती, आम्ही तरणीताठी.’ मुद्दा रास्त आहे. वजन उचलणाऱ्या तरुणांनी ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काय होतं, याचा नीट अभ्यास झालेला नाही. पण त्याचा अर्थ गोळी सुरक्षित आहे असा होत नाही. विकणाऱ्याकडेही पुरावा नाही आणि प्रयोग तुमच्या अंगावर चालू आहे, एवढाच अर्थ निघतो. या रेणूत वैद्यकाला अजिबात रस नाही असंही मी म्हणणार नाही. ग्रोथ हार्मोन कमी पडल्याने खुंटलेल्या मुलांसाठी एका अमेरिकी कंपनीने त्याच्या चाचण्या केल्या आहेत. तिथे आधी निदान होतं, रक्ताच्या तपासण्या होतात, डॉक्टर लक्ष ठेवतात. आपल्या सोळा वर्षांच्या मुलाची उंची दोन इंच वाढावी म्हणून डबी मागवणं ही त्याच्याशी संबंध नसलेली गोष्ट आहे.

शिवाय डबीत काय आहे, हे कोण सांगणार? औषध म्हणून मंजुरी नसल्याने हा माल बहुधा ‘फक्त संशोधनासाठी, माणसांनी सेवन करू नये’ अशा शिक्क्याखाली विकला जातो. याच बाजारातली, स्नायू वाढवणारी म्हणून ऑनलाइन विकली जाणारी ४४ उत्पादनं अमेरिकेत तपासली गेली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. प्रमाण लेबलप्रमाणे निघालं ते केवळ १८ उत्पादनांत. चारांत औषधच नव्हतं. काहींत लेबलवर नसलेलंच औषध निघालं. तपासात सापडलेल्या औषधांत ही गोळीही होती.

मातीतून मॅटवर जाणाऱ्या पैलवानाला तर हे आयुष्यातून उठवू शकतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत इब्युटामोरेन नावानिशी आहे. स्पर्धा असो वा नसो, बाराही महिने बंदी. २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने आपल्या अन्नात कुणीतरी भेसळ केली असं सांगितलं होतं. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य केलं, पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओत क्रीडा लवादाने ते फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी घातली. तिथे पदार्थ वेगळा होता, नियम हाच.

पोरं या वाटेला का लागतात, हे समजून न घेता त्यांना नुसतं झापण्यात अर्थ नाही. शाहू महाराजांनी पैलवानांचा खुराक दरबारातून चालवला आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. आज गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत राहणाऱ्या पोराचा खुराक शिरोळ-कागलच्या शेतातून किंवा बापाच्या पगारातून येतो. बदाम, तूप, दूध, फळं यांचा महिन्याचा हिशेब केला की डबी स्वस्त वाटू लागते. म्हणून खुराकासाठी मानधन वेळेवर आणि पुरेसं मिळणं हाही उत्तेजकांविरुद्धचा उपाय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मैदानाच्या बक्षिसांवर लाखो उधळणाऱ्या आयोजकांनी त्यातला वाटा तालमीतल्या धाकट्या पोरांच्या दुधाकडे वळवावा.

आणि तालमीची जुनी शिस्त ग्रोथ हार्मोनशीच जुळणारी आहे. रात्री लवकर झोप, पहाटे हौद्यात उतरणं, जोर-बैठका, लढत, खुराक, दुपारची विश्रांती. ग्रोथ हार्मोनचा मोठा लोंढा गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यात येतो आणि जोरदार मेहनतीनंतरही ते वाढतं. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघायचा आणि सकाळी गोळी घ्यायची, हा फुकटचं टाकून विकतचं घेण्याचा व्यवहार झाला.

वस्ताद आणि जिमच्या प्रशिक्षकांनी पोराच्या पिशवीतली प्रत्येक डबी बघायला मागावी. अन्न व औषध प्रशासनाने पूरक आहाराची दुकानं नियमित तपासावीत. जे आधीच घेत आहेत त्यांनी गोळी बंद करून उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, डॉक्टरपासून काही लपवू नये. पाय सुजत असतील, आडवं पडल्यावर दम लागत असेल, खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल, तर पुढच्या सोमवारची वाट बघू नका. त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा आणि डबी सोबत न्या.