निवेदकाला वार्तांकनाला पाठवा

मा. संपादक,


जुलै २०२३ मध्ये ओडिशातील 'ओटीव्ही' या प्रादेशिक वाहिनीने 'लिसा' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका पडद्यावर आणली. मे २०२४ मध्ये 'डीडी किसान'वर 'क्रिश' आणि 'भूमी' हे असेच निवेदक अवतरले. त्यानंतर निवेदकांच्या नोकऱ्यांची चर्चा झाली, पण त्यांच्या कामाची झाली नाही. समोर आलेला मजकूर न अडखळता वाचणे एवढेच काम असेल, तर ते यंत्राला जमणारच आणि स्वस्तातही पडणार. म्हणून मराठी वृत्तवाहिन्यांनी निवेदकाची कारकीर्द वार्तांकनापासून सुरू करावी आणि तो स्टुडिओत स्थिरावल्यावरही त्याला नियमाने बाहेर पाठवावे.

याची गरज पुराच्या दिवसांत सर्वाधिक जाणवते. कोल्हापूरचा प्रतिनिधी गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि मुंबईतून प्रश्न येतो, 'काय परिस्थिती आहे तिथे?' तो सांगतो, पाणी वाढते आहे. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे ठाऊक असलेला निवेदक विचारेल: आत्ता पाणी किती फुटांवर आहे, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, अलमट्टी धरणातून विसर्ग किती चालू आहे? घरातले सामान माळ्यावर चढवायचे की जनावरे सोडून निघायचे, हे शिरोळ तालुक्यातल्या माणसाला या उत्तरांवरून ठरवता येते. असे प्रश्न टेलिप्रॉम्प्टरवर लिहून येत नाहीत. बंधाऱ्यावर जाऊन आलेल्यालाच ते सुचतात.

यावर कोणी म्हणेल, दूरदर्शनच्या काळात कुठे असे होते? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. स्मिता पाटील यांनी तिथे बातम्या वाचल्या, प्रदीप भिडे यांचा आवाज तर पुढे घराघरांत ओळखीचा झाला. लोकांनी विश्वास ठेवला तो त्या वाचनावरच. हे खरे, शुद्ध उच्चार आणि संयत स्वर यांचे मोल आजही कमी नाही. पण ते बातमीपत्र मोजक्या मिनिटांचे होते आणि आधी लिहून, तपासून हाती येत असे. २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' आल्यावर काम पालटले. आता निवेदक तासन्‌तास थेट प्रक्षेपण सांभाळतो, मंत्र्याला उलट प्रश्न करतो, चर्चा आवरतो. माहितीचा साठा नसला की ती पोकळी आवाज चढवून भरली जाते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रतिनिधी असताना निवेदकाला वेगळे का पाठवायचे? त्या प्रतिनिधीची जागा घ्यायला नव्हे, तर त्याला काय विचारायचे हे शिकायला. कर्जमाफी, ऊसदर, पाणीवाटप यांपैकी एक विषय प्रत्येकाकडे सोपवून महिन्यातले तीन-चार दिवस त्यासाठी राखले, तर कोणतीही वाहिनी बुडणार नाही. उलट निवेदकाचेच भले होईल. चेहऱ्यावर उभी असलेली कारकीर्द वयाबरोबर उतरते, आणि त्याची झळ स्त्रियांना आधी बसते. एखाद्या विषयावरची पकड वयाबरोबर वाढते आणि संपादकपदापर्यंत नेते.

१९५५चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रे आणि वृत्तसंस्था यांच्यापुरताच होता. २०२०च्या कामगार संहितेने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील पत्रकारांनाही श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत घेतले. कायदा त्यांना पत्रकार मानत असेल, तर वाहिन्यांनीही निवड करताना आवाज आणि पेहराव यांच्याआधी उमेदवाराने कोणत्या बातम्या केल्या ते पाहावे, आणि बढतीलाही तोच निकष लावावा.

आपला,
एक प्रेक्षक, कोल्हापूर