‘पिक्चर चांगलाय, पण आधी सांगायचं ना!’: विनोदी सिनेमाचा जॉनर नेमका ठरवतं कोण?

थोडक्यात
- सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र वयोगट सांगतं, सिनेमाचा प्रकार सांगत नाही.
- ‘विनोदी’ हा शिक्का जाहिरात, ट्रेलर आणि अ‍ॅपवरच्या याद्यांतून लागतो. तो चुकला की प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटतं आणि मार छोट्या निर्मात्याला बसतो.
- हसवता हसवता रडवणारा प्रत्येक सिनेमा गोंधळलेला नसतो. काही मात्र खरंच असतात. फरक ओळखता येतो.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. घरात माणसं नऊ आणि टीव्ही एक. आत्याने फॅमिली ग्रुपवर आधीच टाकून ठेवलं होतं, ‘कारखानिसांची वारी बघा, हसून हसून पोट दुखेल.’ लावला. सुरुवातीला सगळे खरंच हसत होते. मग पप्पा काही न बोलता उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, ‘पिक्चर चांगलाय रे. पण आधी सांगायचं ना!’

काय सांगायचं होतं? सिनेमा वाईट आहे असं नव्हे, तो अस्थी घेऊन निघालेल्या कुटुंबाचा आहे, हे. पप्पांच्या या एका वाक्यात स्वतंत्र मराठी सिनेमाची एक जुनी अडचण आहे. ती समजून घेऊया.

सिनेमा काय आहे?

मंगेश जोशी दिग्दर्शित ‘कारखानिसांची वारी’ २०२० मध्ये टोकियो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला. अमेय वाघ, मृण्मयी देशपांडे, मोहन आगाशे, गीतांजली कुलकर्णी, वंदना गुप्ते, शुभांगी गोखले अशी मातब्बर मंडळी त्यात आहेत. पुण्यातलं एकत्र कुटुंब. घरातला कर्ता माणूस जातो. त्याच्या इच्छेप्रमाणे मुलगा ओम, काका आणि आत्या अस्थी घेऊन गाडीने पंढरपूरच्या वाटेला लागतात. गाडीत कलश आहे, रुसवेफुगवे आहेत, मृत्युपत्रात काय असेल याची धाकधूक आहे आणि गेलेल्या माणसाचं एक गुपितही आहे.

आता याला काय म्हणायचं? प्रवासाचा सिनेमा? कौटुंबिक नाट्य? मृत्यूवरचा काळा विनोद? की गुपिताची उकल? चारही म्हणता येतं आणि चारही अपुरं पडतं.

गंमत म्हणजे, परदेशात गेलेल्या याच सिनेमाचं इंग्रजी नाव होतं ‘अ‍ॅशेस ऑन अ रोड ट्रिप’. टोकियोतल्या प्रेक्षकाला नावातच कळलं की ही रक्षा घेऊन केलेल्या प्रवासाची गोष्ट आहे. मराठी प्रेक्षकाने ‘वारी’ वाचलं, पोस्टरवर ओळखीचे विनोदी चेहरे बघितले आणि सगळं घर गोळा करून सिनेमा लावला.

खऱ्या आयुष्यात जॉनर असतो का?

पप्पा उठून का गेले हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या अस्थी घेऊन आम्ही नगरहून प्रवरासंगमला गेलो होतो. जीपमध्ये सात जण. कलश कोणी धरायचा यावरून आधी कुरबुर झाली. घोडेगावला मोठे काका म्हणाले, चहा घेऊ. मग प्रश्न आला की कलश हॉटेलात न्यायचा की गाडीत ठेवायचा? कोणीतरी मागे थांबायला हवं. त्यावर धाकटे काका म्हणाले, ‘दादांना चहा एवढा आवडायचा आणि आज त्यांनाच गाडीत बसवून आपण प्यायचा का?’

सगळे फुटले. रस्त्याच्या कडेला उभं राहून पोट धरून हसलो. त्याच हसण्यात पप्पांचा हुंदका कधी मिसळला ते कळलं नाही. तोवर ते रडलेच नव्हते.

दशक्रियेला घाटावर गेलेल्या कुणालाही हे पटेल. कावळा शिवत नाही म्हणून सगळे ताटकळलेले असतात. गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली यावर तर्क चालतात. मागे श्रद्धांजलीच्या भाषणात एखादे पुढारी हळूच आपल्या कामांची यादी वाचून घेतात. हसू येतं, ते दाबावं लागतं. तो प्रसंग विनोदी की दुःखद असं विचारलं तर आपण विचारणाऱ्याकडेच बघत राहू. मग सिनेमाला मात्र हा प्रश्न का विचारतो?

हा शिक्का मारतं कोण?

बऱ्याच जणांना वाटतं, सेन्सॉर बोर्ड. तसं नाही. बोर्ड ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ अशी प्रमाणपत्रं देतं. २०२४ च्या नव्या नियमांनी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले. सिनेमा कोणी बघावा एवढंच त्यातून कळतं. तो हसवेल की रडवेल, हे कुठल्याही प्रमाणपत्रावर नसतं.

ते ठरतं बाजारात. निर्माता-वितरक ट्रेलर कापतात, पोस्टर करतात. तिकिटाच्या अ‍ॅपवर आणि ओटीटीवर सिनेमाला एक-दोन शब्दांची ओळख चिकटते. मग तोच शब्द बातम्यांत, रील्समध्ये आणि आत्याच्या मेसेजमध्ये फिरतो.

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मजकूर वर्गवारीचा प्रोजेक्ट केला होता. त्यातली एक गोष्ट इथे चपखल बसते. संगणकाला ‘एकच रकाना निवड’ असं सांगितलं की तो प्रत्येक रकान्याला गुण देतो आणि सर्वांत जास्त गुणांचा रकाना जाहीर करतो. समजा, विनोदाला १०० पैकी ४० मिळाले, कौटुंबिक नाट्याला ३५ आणि बाकी इतरांना. उत्तर येतं, ‘विनोदी’. उरलेले ६० गुण कुठेच दिसत नाहीत. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण ऐकणाऱ्याची मात्र दिशाभूल. सिनेमाच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांत ‘संगीत किंवा विनोदी’ गटात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘द मार्शियन’. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवून जीव जगवतो, अशी त्याची गोष्ट. एवढी टीका झाली की नंतर नियम बदलून स्पष्ट करावं लागलं की विनोदाची झाक असलेलं नाट्य हे नाट्याच्याच गटात धरलं जाईल.

आपल्या मातीला हे नवीन आहे का?

मुळीच नाही. तमाशाचा फड आठवा. गणात देवाला नमन, गवळणीत कृष्णाची थट्टा, बतावणीत हजरजबाबी विनोद, मग लावणी आणि शेवटी रात्र चढत जाताना वग, ज्यात अन्याय, सूड, मरण काहीही असू शकतं. संगमनेरच्या कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकरांच्या तमाशाला आपल्याच जिल्ह्यातल्या यात्रांत लोकांनी रात्र रात्र गर्दी केली. ‘आज विनोदी आहे का गंभीर?’ असं विचारून कोणी तंबूत शिरलं नाही. कारण एका रात्रीत सगळं मिळणार, हे आधीच ठाऊक होतं.

म्हणजे मिश्रण पचवायची सवय प्रेक्षकाला आहेच. त्याला राग येतो तो न सांगता वाढल्याचा.

‘फॅन्ड्री’च्या वेळी काय झालं?

या जिल्ह्याशी सर्वांत जवळचं उदाहरण ‘फॅन्ड्री’चं. नागराज मंजुळे नगरमध्येच मास कम्युनिकेशन शिकले. ‘फॅन्ड्री’तलं गाव आहे नगरजवळचं अकोळनेर. सिनेमा महाराष्ट्रात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला. प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांचं जे गाणं गाजलं, ते मूळ सिनेमात नव्हतंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, शाळकरी प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट असणार.

थिएटरमध्ये लोक हसलेही. जब्याची काळ्या चिमणीमागची धावपळ, शालूसाठीची धडपड. शेवटाकडे अख्खं कुटुंब गावासमोर डुकरं पकडायला धावतं, पडद्यावरचं गाव खिदळतं आणि थिएटरमधलेही काही जण हसतात. मग जब्याचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. ज्या हसण्यात आपण सामील झालो, त्याचाच तो हिशेब असतो.

इथे चुकीची अपेक्षा सिनेमाच्या पथ्यावर पडली असं म्हणता येईल. पण त्यामागे मोठ्या कंपनीची प्रसिद्धी होती, पुढे पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही आला. प्रत्येक छोट्या सिनेमाच्या नशिबी हे नसतं.

फटका कोणाला बसतो?

श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी वडिलोपार्जित जमीन विकून ‘ख्वाडा’ केला. राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली आणि २०१५ मध्ये तो लागला. त्यांचाच ‘टीडीएम’ एप्रिल २०२३ मध्ये आला तेव्हा पुरेसे शो मिळेनात म्हणून त्यांना प्रदर्शन थांबवावं लागलं. डोळ्यांत पाणी आलेले कलाकार सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. जूनमध्ये सिनेमा पुन्हा प्रदर्शित करावा लागला.

‘टीडीएम’चा वाद जॉनरचा नव्हता, शोचा होता. पण त्यातून छोट्या सिनेमाचं गणित कळतं. त्याच्या हातात फार तर एक शुक्रवार ते रविवार असतो. जाहिरातीला पैसा नसतो. सगळी भिस्त पहिल्या शोमधून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडावर. तो माणूस ‘विनोदी म्हणून नेलं आणि डोकं जड झालं’ म्हणाला, की सोमवारी शो उतरतो. सिनेमा कितीही चांगला असो, चुकीच्या अपेक्षेने आलेला प्रेक्षक त्याला वाचवत नाही.

मग गोंधळलेला सिनेमा ओळखायचा कसा?

प्रत्येक मिश्रण चांगलंच, असं आम्ही म्हणत नाही. पूर्वार्धात पांचट विनोद, मध्यंतरानंतर अचानक आजार, मृत्यू आणि पाच मिनिटांचा उपदेश, असे सिनेमेही आपण भरपूर पाहिलेत. त्यांच्यासाठी एक सोपी कसोटी आहे: ज्या गोष्टीवर आपण हसलो, दुःख त्याच गोष्टीतून येतंय का?

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) बघा. विदर्भातलं गाव, आजूबाजूला शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आपला नवरा तसं काही करील या भीतीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला आणि सासूलाही कामाला लावते. नवरा जाईल तिथे मागे कोणीतरी. हे बघताना हसू येतं आणि भीतीही वाटते. दोन्हींचं कारण एकच, ती पाळत. विनोद काढून टाकला तर दुःखही उरत नाही. हा सिनेमा गोंधळलेला नाही.

गोंधळलेल्या सिनेमात हसायचं काम नायकाच्या मित्राकडे आणि रडायचं काम आईकडे दिलेलं असतं. दोघांची कधी गाठ पडत नाही.

‘कारखानिसांची वारी’ या कसोटीला बहुतांशी उतरतो. कलश हाच भांडणाचं, हशाचं आणि पोरकेपणाचं मूळ आहे. उत्तरार्धात मात्र गुपितं आणि हिशेब यांची दाटी होते आणि सिनेमाला आधी कोणाकडे बघावं हे सुचत नाही, असं आम्हाला वाटलं. तरीही अस्थींचा प्रवास असा आतून दाखवण्याची हिंमत करणारे सिनेमे आपल्याकडे किती आहेत, हेही विचारायला हवं.

आमचं म्हणणं

निर्मात्यांनी ट्रेलरमध्ये फक्त हशे भरू नयेत. उत्तरार्धाचा रंग दहा सेकंद तरी दिसू द्यावा. शेवट फोडू नका, पण चव सांगा. पहिल्या दिवशी चार तिकिटं कमी जातील, पण आलेला प्रेक्षक दुसऱ्याला घेऊन येईल.

अ‍ॅपवाल्यांनी एका शब्दाचा हट्ट सोडावा. ‘विनोदी’ऐवजी ‘विनोदी, घरातल्या मृत्यूची गोष्ट’ एवढं लिहायला जागा लागत नाही. हिंसा, शिवीगाळ यांचे इशारे दिले जातातच. शोकाचाही देता येईल.

समीक्षकांनी आणि आपण सगळ्यांनी ‘नक्की काय करायचंय हेच कळत नाही’ असा शेरा मारण्याआधी वरची कसोटी लावून बघावी. आणि ग्रुपवर सिनेमा सुचवताना एक ओळ जास्त टाईप करावी. जिल्ह्यातली पोरं आज मोबाइलवर, उसनवारीच्या कॅमेऱ्यावर सिनेमे करत आहेत. त्यांच्या गोष्टी आपल्या घरांसारख्याच असणार, हसता हसता गळा दाटणाऱ्या. त्यांना एकाच रकान्यात बसायला भाग पाडलं तर ती एक तर नुसतं हसवतील नाही तर नुसतं रडवतील आणि आपल्याला दोन्ही खोटं वाटेल.

गेल्या महिन्यात उरलेला सिनेमा पुन्हा लावायचं ठरलं. या वेळी मी आधीच सांगितलं, ‘पप्पा, हसवतो, पण अस्थींचीच गोष्ट आहे. बघायचा का?’

ते थोडं थांबले. म्हणाले, ‘लाव. पण आधी काकांना फोन कर, त्यांनाही येऊ दे. आणि चहा ठेव.’