‘चालणार नाही’ म्हणजे नेमके काय?



तुमच्या घरी किंवा शाळेच्या संगणककक्षात आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक असेल, तर त्याच्या पडद्यावर एक सूचना तुम्ही कदाचित वाचली असेल. हा संगणक विंडोज ११ साठी लागणाऱ्या अटी पूर्ण करीत नाही, अशी ती सूचना. ती वाचून पुष्कळ जण म्हणतात, “संपले! आता हा भंगारात.” काही जण अगदी उलट टोकाला जातात. कुठून तरी युक्ती मिळवून ते नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची चाचणीत असलेली आवृत्ती, म्हणजे बीटा आवृत्ती, त्याच संगणकावर चढवतात आणि आपण कंपनीला चकवले असे समजतात. माझ्या मते एक प्रश्न विचारायचा दोघांकडूनही राहून जातो. ‘चालणार नाही’ म्हणजे यंत्राला ते जमत नाही, की जमले तरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही?

हे दोन अर्थ अगदी वेगळे आहेत. आधी पहिला पाहू. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच समजतात. ‘पॉपकाउंट’ नावाची अशी एक आज्ञा आहे. द्विमान पद्धतीत लिहिलेल्या संख्येत १ हा अंक किती वेळा आला, ते ती मोजते. १३ ही संख्या द्विमान पद्धतीत ११०१ अशी लिहितात, म्हणून उत्तर ३. इंटेलच्या प्रोसेसरांत ही आज्ञा २००८ साली आलेल्या ‘नेहालेम’ रचनेपासून आहे. त्यापूर्वीच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरला ती ठाऊकच नाही. २०२३ पर्यंतच्या विंडोज ११ च्या आवृत्त्या युक्त्या करून त्यावर चालवता येत. १ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या आवृत्तीत मात्र ही आज्ञा अनिवार्य झाली, आणि ती आवृत्ती अशा संगणकावर सुरूच होत नाही. न समजणाऱ्या आज्ञेपुढे प्रोसेसर काय करणार? इथे ‘चालणार नाही’ हे अक्षरशः खरे आहे.

आता दुसरा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ ची घोषणा केली. तिच्या अटींत ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सांकेतिक किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ‘टीपीएम २.०’ ही सोय, आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, असे सांगितले होते. सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आले. पॉपकाउंट त्यांना येते, आणि त्यांच्या अनेक संगणकांत टीपीएम २.० सुद्धा आहे. तरीही मोजके अपवाद वगळता ते यादीबाहेर राहिले. म्हणजे इथे प्रश्न क्षमतेचा नसून हमीचा आहे.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. हजारो प्रकारच्या जुन्या यंत्रांवर प्रत्येक अपडेट तपासून पाहणे हे खर्चाचे आणि वेळेचे काम आहे. २७ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीने सांगितले, की चाचणीच्या काळात अटी पूर्ण न करणाऱ्या संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बिघाड होण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा मोठा वाटतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लगेच विचारावे, “कशाच्या ५२ टक्के?” हजारांत २ बिघाड होत असतील, तर ५२ टक्के वाढीने ते सुमारे ३ होतील. हजारांत २०० होत असतील, तर ३०४ होतील. पहिली वाढ बहुतेकांना जाणवणारही नाही, दुसरी असह्य होईल. नुसत्या टक्केवारीवरून यांतले खरे कोणते ते कळत नाही.

हा आकडा कोठून आला, हेही ध्यानात घ्या. चाचणीत भाग घेणाऱ्या सामान्य लोकांच्या संगणकांवरून तो मिळाला. घोषणेच्या दिवसापर्यंत जे विकसन-आवृत्त्या वापरत होते, त्यांना अटी पूर्ण होत नसतानाही विंडोज ११ च्या चाचणी-आवृत्त्या मिळत राहिल्या. मात्र अंतिम आवृत्ती आली की या संगणकांना पुढच्या चाचणी-आवृत्त्या मिळणार नाहीत आणि विंडोज १० नव्याने बसवावी लागेल, हे कंपनीने त्यांना आधीच बजावले होते. अंतिम आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली. नाटकाच्या तालमीला बसू दिले म्हणून प्रयोगाचे तिकीट मिळाले, असे होत नाही!

म्हणून जुन्या संगणकावर बीटा आवृत्ती चालवू नका, असे मी म्हणणार नाही. जरूर चालवा, पण तो प्रयोग आहे हे ओळखून चालवा. जो संगणक कोरा झाला तरी कोणाचे काही अडणार नाही, असाच निवडा. आधी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. कोणत्या दिवशी कोणती आवृत्ती घातली आणि काय बिघडले, हे वहीत लिहा आणि ते कळवा. आईवडिलांचे बँकेचे व्यवहार ज्यावर चालतात, किंवा शाळेचे निकालपत्रक ज्यावर तयार होते, त्या संगणकाला हात लावू नका. हमी नसलेल्या यंत्राला आज अपडेट मिळाले, तरी उद्या मिळेलच असे नाही. पॉपकाउंटच्या उदाहरणात तेच घडले.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेची अपडेट्स काही अटींवर आणखी काही काळ देण्याची सोय कंपनीने ठेवली, पण ती कायमची नाही. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक भंगाराच्या वाटेवर आहेत. ज्यांना खरोखर जमत नाही त्यांच्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्यांना जमते त्यांनाही त्याच एका वाक्याने निरोप देणे मला योग्य वाटत नाही. कोणती अट क्षमतेची आणि कोणती हमीची, हे निर्मात्याने प्रत्येक अटीपुढे स्पष्ट लिहिले पाहिजे. म्हणजे यंत्र टाकायचे, जोखीम पत्करून वापरायचे, की त्यावर लिनक्स बसवायचे, याचा निर्णय मालकाला डोळसपणे घेता येईल.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. संगणककक्षातील प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर, रॅम आणि टीपीएम यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्या. पुढे दोन रकाने आखा, ‘जमत नाही’ आणि ‘हमी नाही’. कोणता संगणक कोणत्या रकान्यात जातो, ते कारणासह लिहायला सांगा. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एवढे जरूर करा.