थंडी, ढग आणि खडकपूर्णेचा मासा

पौषाच्या कडाक्यात दुसरबीडच्या बाजारात मासळी कमी आली की गिऱ्हाईक विकणारीला हमखास टोमणा मारते, "काय बाई, भाव चढवायला माल दडवून ठेवला का?" ती बिचारी हसून वेळ मारून नेते. दडून बसलेला असतो तो मासा, आणि तोही थंडीपायी.

माशाच्या अंगाला आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढे गार, तेवढा तो गार. राहेरीच्या पुलाखालून वाहणाऱ्या खडकपूर्णेत किंवा वर देऊळगाव महीच्या धरणात जे कटला, रोहू, मृगळ सापडतात, ते सारे उबदार पाण्याचे जीव. 25 ते 30 अंशांत ते भरपूर खातात. पारा 20 च्या खाली गेला की भूक मंदावते, हालचाल कमी होते आणि मासा खोल पाणी धरतो. पाण्यात उभे लावलेले जाळे तर मासा हिंडला तरच त्याला अडकवणार! धरणात मासा आहे, पण जाळे रिकामे, असा हा मामला. रात्रभर काकडून पहाटे हात हलवत परतणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे सोपे आहे.

ढगांचे गणित निराळे. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा उन्हावर प्राणवायू तयार करतात. रात्री मात्र सगळेच तो वापरतात. उन्हाळ्याच्या अखेरीस दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, वारा पडला, तर पहाटे तळ्यातला प्राणवायू तळाला जातो. मग मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात. काठावरची पोरे "मासे खेळताहेत" म्हणून टाळ्या पिटतात. प्रत्यक्षात ते गुदमरत असतात. दुसऱ्या दिवशी मेलेले मासे तरंगले की कुणी तरी विष कालवले अशी आवई उठते आणि गावात भांडण पेटते. विष कालवणारे नसतात असे नाही, पण आधी आभाळाकडे पाहावे. थंडीत हा धोका कमी, कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो : 30 अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, तर 10 अंशांना अकरांच्या वर.

कॅनडा, फिनलंडकडे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकतात. पाणी 4 अंशांना सर्वांत जड होते, म्हणून बर्फाखाली तळाशी तेवढी ऊब टिकते आणि मासा जगतो. तिकडचे हौशी गळवाले हवेच्या दाबावरून मासा लागेल की नाही ते सांगतात. मला ते फारसे पटत नाही. वादळात दाब 10 मिलिबार उतरला, तरी मासा जेमतेम 10 सेंटिमीटर वर सरकला की तेवढाच फरक पडतो. ऊन, वारा आणि पाण्याची ऊब यांचा हिशेब अधिक खरा.

तो हिशेब आमच्याकडे ठेवतो कोण? समुद्रावरच्या कोळ्यांना मासा कुठे मिळेल हे हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था कळवते. शेतकऱ्याला हवामान खात्याचा सल्ला आठवड्यातून दोनदा मिळतो. धरणावर जाळे टाकणाऱ्याने मात्र पाण्यात हात बुडवून अंदाज बांधायचा! फार खर्चाचे काही मागत नाही. धरणाच्या भिंतीवर पाणीपातळी रोज लिहितात, त्याच वहीत पाण्याचे तापमान आणि पहाटेचा प्राणवायू यांचे दोन रकाने वाढवावेत, आणि ते आकडे मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहावेत.