चापाचा फोटो निघत नाही

मंडळी, इंग्रजीत फोटो काढणं आणि गोळी झाडणं यांना एकच क्रियापद चालतं. आपण मात्र फोटो 'काढतो', गोळी 'झाडतो' आणि नेम 'धरतो'. या विकांताचा विषय हाच फरक आहे.

निमित्त आहे पिस्तुलांच्या हौशी फोटोंचं. काळ्या मखमलीवर पिस्तूल, शेजारी दोन-चार काडतुसं, मागून निळा उजेड. हा प्रकार आमच्या औसा-लातूरकडच्या पोरांच्या फोनमध्येही भरपूर फिरतो. औशाच्या किल्ल्यातल्या तोफेला टेकून फोटो काढण्यात आम्ही सगळेच मोठे झालो, त्यामुळे हत्याराचं आकर्षण मला नवीन नाही. पण तोफ उडत नाही राव. पिस्तूल उडतं.

तांत्रिक बाजू आधी बघू, शेवटी इंजिनियरची जात :)

२५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल हा महिलांचा ऑलिम्पिक प्रकार. पिस्तूल .२२ बोअरचं, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चेंबरमध्ये येते, पण प्रत्येक गोळीसाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. पार्दिनीसारख्या कंपन्यांच्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे असतं. त्यामुळे लाकडी मूठ खेळाडूच्या पंज्याप्रमाणे हवी तशी तासता येते. बोटांच्या खाचा, तळहाताचा टेका, सगळं मापाचं. फोटोत दिसतं ते हे कस्टमायझेशन.

खरं कस्टमायझेशन मात्र चापात असतं, आणि ते फोटोत येत नाही. नियमाप्रमाणे या प्रकारात चापाचं वजन किमान १००० ग्रॅम हवं. नळी उभी धरून चापाला वजन लटकवून ते तपासतात. आता हे एक किलो कसं वाटायचं, ते खेळाडू ठरवतो. आधी थोडा हलका प्रवास, मग बोटाला लागणारी 'भिंत', आणि त्या भिंतीवर दाब वाढवत नेला की काच तडकावी तसा सुटणारा चाप. भिंतीनंतर चाप रखडत सरकला तर नेम हलतो. सुटल्यावर बोट जास्त मागे गेलं तरी हलतो. हे सगळं बारीक स्क्रूंनी जुळवतात.

कॅमेरावाल्यांना हे लगेच कळेल. शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस लॉक होतो, उरलेलं अर्धं हळूच दाबायचं. खस्सकन दाबलं की फोटो हलला. दोन टप्प्यांचा चाप साधारण असाच!

आता ही भिंत ओळखायला काय लागतं, ते बघा. रॅपिड फेरीत हात खाली ठेवून उभं राहायचं, ३ सेकंद मिळतात, तेवढ्यात हात वर, नेम आणि एकच गोळी. मग ७ सेकंद थांबायचं, पुन्हा तेच. आणि हे सगळं एका हातानं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली पालेम्बांगला याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निकाल शूट-ऑफवर गेला. त्या क्षणी राहीच्या बोटाला काय जाणवत होतं, ते कुठल्या लेन्सला दिसणार?

उलट फोटो फसवतातच. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा फोटो आठवा. साधा टी-शर्ट, एक हात खिशात. जगाला वाटलं, काय स्टाईल आहे! पण मोकळा हात खिशात किंवा कमरेला अडकवणं ही नेमबाजांची रोजची सवय, शरीर स्थिर राहावं म्हणून. जगानं ऐट पाहिली, तिथे शिस्त होती.

माझा आक्षेप इथेच आहे. फोटोतून ऐट तेवढी उचलली जाते. मग वाढदिवसाच्या स्टेटसवर चापावर बोट ठेवलेला गावठी कट्टा येतो, आणि मागून पोलीस येतात. विनापरवाना हत्यार बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्न-वरातीत बेफिकीरपणे गोळीबार करण्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विशीतल्या पोराची नोकरी, पासपोर्ट, सगळं एका फोटोपायी अडकतं.

म्हणून फोटोच काढू नका, असं म्हणणार नाही. परवानाधारक खेळाडूचं पिस्तूल, रेंजवर, खेळाडूच्या समोर, जरूर काढा. खिडकीचा बाजूचा उजेड घ्या, मध्ये बटर पेपर लावा, म्हणजे पोलादावर भगभगीत चमक येणार नाही आणि मुठीचा पोत उठून दिसेल. फक्त दोन गोष्टी पाळा. बोट चापाच्या बाहेर हवं. आणि चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून घालतात तो भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग फ्रेममधून काढू नका. 'लूक' बिघडतो, मान्य. पण हे हत्यार कुणा जबाबदार माणसाच्या हातातलं आहे, हे फोटोत सांगणारी तीच एक वस्तू असते.

काय म्हणता?