विरंगुळा पुरे, जबाबदारी द्या

‘आता आराम करा’ असे साठी ओलांडलेल्या माणसाला आपण प्रेमाने सांगतो. त्यामागचा पूर्वपक्ष असा : साठी बुद्धी नाठी, नवे शिकण्याचे वय सरले, म्हाताऱ्याने हळूहळू सगळ्यातून अंग काढून घ्यावे, त्यातच त्याला आणि घराला शांती. शास्त्राधार हवा तर वानप्रस्थाश्रम आहेच. हा पक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खुर्ची न सोडणारे वृद्ध संस्थाचालक महाराष्ट्राने पुष्कळ सोसले आहेत. तरीही तो टिकत नाही.

आधी बुद्धीचे पाहू. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिॲटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले. कामाचा वेग लवकर मंदावतो हे त्यांनाही दिसले. पण शब्दज्ञानासारख्या क्षमता पुढे बराच काळ टिकतात आणि सगळ्या क्षमता एकदम ढासळत नाहीत, हेही दिसले. ज्यांची घसरण झाली होती त्यांना शाय आणि शेरी विलिस यांनी अवघे पाच तास सराव दिला. त्यांतले सुमारे ४० टक्के लोक चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. वयाच्या नावावर खपणारी निदान काही घसरण न वापरल्याची असते.

‘अंग काढून घेणे हा निसर्गनियमच आहे’ असा सिद्धान्त १९६१ साली एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी कॅन्सस सिटीतल्या अभ्यासावरून मांडला. पण त्याच अभ्यासात काम केलेल्या रॉबर्ट हॅविगहर्स्ट आणि बर्निस न्यूगार्टन यांना उलट आढळले : गुंतून राहिलेले लोक बहुधा अधिक समाधानी होते. निवांतपणात सुखी असणारेही होते, पण तो स्वभावाचा भाग; नियम नव्हे. आणि वानप्रस्थ? मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातला वानप्रस्थी वनात गेल्यावरही महायज्ञ करतो, स्वाध्यायात मग्न राहतो. कर्तव्यातून सुटका त्यालाही नाही.

मात्र याच्या उलट टोकाचा आजचा उपदेशही तितकाच पोकळ आहे. हास्यक्लब, सहली, सुडोकू, विरंगुळा केंद्र : सतत काहीतरी करत राहा, म्हणजे मन ताजे! सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो. आणि सहलीला आजोबा आले नाहीत, तर कुणाचे काही अडत नाही. वेळ भरला म्हणून आयुष्य भरत नाही.

मग हवे काय? १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले : खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, हे रोप तुम्ही सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालत. तीन आठवड्यांत पहिला मजला अधिक उत्साही आणि सजग दिसू लागला. रोप दोन्हीकडे होते. फरक जबाबदारीचा होता.

एरिक आणि जोन एरिक्सन यांनी स्वतः ऐंशी ओलांडल्यावर, हेलन किव्हनिक यांच्यासह, आपल्याच वयाच्या लोकांशी बोलून १९८६ साली पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की म्हातारपणी विश्वास, स्वातंत्र्य, कर्तृत्व हे आयुष्यभराचे प्रश्न नव्याने सोडवावे लागतात आणि निराशेशी झुंजूनच शहाणपण येते. म्हणजे वाढ अजून संपलेली नसते. पण कसाला लागायला खरे काम समोर हवे.

धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले ७८ व्या वर्षी, समता संघ ८६ व्या वर्षी. कुणी म्हणेल, कर्वे एखादेच. खरे आहे. पण घराघरातली आजी घ्या. नातवंडे, स्वयंपाक, आजारपणे यांतून तिला निवृत्ती कधीच मिळत नाही. तरी ती ‘गुंतलेली’ आहे म्हणून आपण समाधान मानू नये. कारण नातवाची शाळा ठरते तेव्हा तिला विचारले जात नाही, घरखर्चात तिचा शब्द नसतो. तिच्याकडे कष्ट आहेत, अधिकार नाही. कर्व्यांकडे दोन्ही होते.

म्हणून गावच्या वाचनालयाचा कारभार, शाळेतल्या मागे पडलेल्या मुलांचा वर्ग, सोसायटीचे हिशेब अशी खरी कामे ज्येष्ठांना, आणि विशेषतः आजींना, निर्णयाच्या अधिकारासह द्यावीत. खुर्ची अडण्याची भीती असेल तर प्रत्येक कामाला मुदत घालावी. आणि चुकले तर जाबही विचारावा. वयाकडे बघून सगळे माफ करणे हा आदर नव्हे. ज्याला जाब विचारला जातो, तोच अजून हिशेबात धरलेला असतो.