गाणे गाजले, अंतिम दर कोणाला?

नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला, की दोन गोष्टी बरोबरीने रस्त्यावर येतात. एक म्हणजे उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि दुसरी म्हणजे त्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर टिपेच्या आवाजात लागलेली मराठी गाणी. मागून आलेल्या वाहनाचा हॉर्न ट्रॅक्टरचालकाला ऐकू जात नाही, अशी तक्रार दर हंगामात होते आणि ती रास्तही आहे. मात्र या गोंगाटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस कोणत्या कारखान्याला गेला आणि त्याचे किती पैसे झाले, हे इथे शेंबडे पोरही सांगेल. ट्रॅक्टरवर वाजणाऱ्या गाण्याचे पैसे कोणाच्या खिशात गेले, हे मात्र पुष्कळदा ते गाणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. या पट्ट्यातला शेतकरी ऊस घालतो तेव्हा त्याला पहिली उचल मिळते. हंगाम संपल्यावर साखर, मळी, वीज, मद्यार्क यांच्या विक्रीचा हिशेब होतो, अंतिम दर जाहीर होतो आणि ‘सोमेश्वर’ व ‘माळेगाव’ यांपैकी कोणाचा दर चढा, यावर पारावर वाद झडतात. उपपदार्थांच्या उत्पन्नातही उत्पादकाचा वाटा असला पाहिजे, ही मागणी अनेक आंदोलनांतून पुढे आली आणि महसूल विभागणीचे ७०:३० हे सूत्र राज्याच्या २०१३ च्या कायद्यात आले. मराठी गायकाच्या नशिबी मात्र अनेक दशके केवळ पहिली उचलच आली. अंतिम दर हा शब्दच त्याच्या हिशेबात नव्हता.

तबकड्यांच्या काळात कोणाचा आवाज लोकांपर्यंत पोहोचणार, हे मूठभर कंपन्या ठरवत. मंगळवेढ्यात १९३३ मध्ये जन्मलेल्या प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा खड्या आवाजाचा गायक कव्वालीच्या कोरसमधून पुढे आला तो अशाच काळात. पुढे ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि चित्र पालटले. टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी किंमत खाली आणली. पानाच्या टपरीवर, एसटी स्टँडच्या बाहेर, आठवडे बाजारात कॅसेट विकली जाऊ लागली. भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते, लावण्या, कव्वाल्या अशा ज्या प्रकारांना मोठ्या कंपन्यांच्या दालनात मानाचे पान नव्हते, त्यांना एकदम बाजारपेठ मिळाली. भीमगीतांची कॅसेट चौदा एप्रिलच्या आधी, विठ्ठलाची आषाढीच्या आधी आणि गणपतीची श्रावणात बाजारात आली पाहिजे, असे या धंद्याचे पंचांगच ठरून गेले. गाण्याच्या प्रकाशनाचा हंगाम असतो, ही जाण आज जे ‘मार्केटिंग’ शिकवतात त्यांच्या पुष्कळ आधी या मंडळींना होती.

या भरभराटीतला व्यवहार मात्र सरधोपट होता. गायकाने मुंबईला यावे, एक-दोन दिवसांत दोन्ही बाजू भरतील एवढी गाणी ध्वनिमुद्रित करावीत, ठोक रक्कम घ्यावी, कागदावर सही करावी आणि परतीची गाडी पकडावी. मुद्रणाचे हक्क कंपनीचे. कॅसेट शंभर खपल्या की लाख, याच्याशी गायकाचा संबंध उरत नसे. आनंद आणि मिलिंद या शिंदे बंधूंचे पोपटाचे गाणे महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत वाजले. द्वयर्थी म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांच्याही ते तोंडपाठ होते. अशा गाण्यांच्या नेमक्या किती प्रती खपल्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही, कारण अस्सल कॅसेटच्या मागोमाग नकली कॅसेटही निघत. कंपनीची फसवणूक नकली प्रती काढणारा करी, आणि खपाचा आकडा गायकाला कंपनीकडूनही कळत नसे. नाव झाले की जत्रेतल्या, जयंतीतल्या कार्यक्रमांची सुपारी वाढे, एवढीच काय ती भरपाई. म्हणजे मराठी गायकासाठी ध्वनिमुद्रित गाणे हे उत्पन्नाचे साधन नव्हतेच. ती त्याच्या जाहीर कार्यक्रमाची जाहिरात होती. ही रीत आजही पुरती मोडलेली नाही.

व्यवहार एकतर्फी आहे, हे कोणाला कळत नव्हते असे नाही. पार्श्वगायकांनाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, असा आग्रह लता मंगेशकर यांनी साठच्या दशकाच्या आरंभी धरला. मानधन घेतले की व्यवहार संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. कायदा तेव्हा रफींच्या बाजूचा होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला स्थानच नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्कांबाबत निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या उणिवेकडे मुद्दाम बोट दाखवले. गाणे ज्याच्या गळ्यातून उमटते त्यालाच कायदा ओळखत नाही, हे त्यांना खटकले होते. कलावंताचे हक्क कायद्यात यायला त्यानंतर १९९४ साल उजाडावे लागले आणि रॉयल्टीची स्पष्ट तरतूद व्हायला २०१२.

मधल्या काळात मराठीत ‘पॉप’ हा शब्द रुळला तो २००२ च्या सुमारास आलेल्या ‘ऐका दाजिबा’मुळे. अवधूत गुप्ते यांचे संगीत, वैशाली सामंत यांचा आवाज, सागरिका ही कंपनी आणि मिलिंद गुणाजी व इशिता अरुण यांची झळाळती चित्रफीत. मराठी गाण्याला चित्रपटाविना स्वतःचा चेहरा असू शकतो, हे या गाण्याने दाखवले. लोकगीताचा बाज, त्याखाली नाचाचा आधुनिक ठेका आणि वर शहरी सफाई असा जो साचा त्यातून तयार झाला, तो पुढे दशकभर पुरला. पण गाणे चालायचे तर चित्रफीत हवी आणि ती चांगली हवी तर खर्च हवा. साहजिकच हुकमाचा पत्ता पुन्हा पैसा घालणाऱ्याच्या हाती राहिला.

एकाच चालीचे पैसे कोणाला कितीदा मिळतात, याचे बोलके उदाहरण मराठीतच आहे. केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’ (२००६) या चित्रपटातले ‘कोंबडी पळाली’ हे गाणे जितेंद्र जोशी यांनी लिहिले, अजय-अतुल यांनी बांधले आणि आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायले. २०१२ मध्ये याच संगीतकारांनी ती चाल ‘अग्निपथ’साठी ‘चिकनी चमेली’ म्हणून वापरली आणि ती श्रेया घोषाल यांच्या आवाजात देशभर गेली. चाल संगीतकारांची, तेव्हा त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या दोन आवाजांनी ती चाल आधी घरोघरी पोहोचवली, त्यांचा दुसऱ्या गाण्याच्या उत्पन्नावर कायद्याने कोणताही हक्क पोहोचत नाही. कायदा गायकाच्या त्या विशिष्ट सादरीकरणाला संरक्षण देतो. त्याने चालीला मिळवून दिलेली लोकप्रियता कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही.

कॅसेट संपली, सीडी आली आणि गेली. मग काही वर्षे अशी होती, की गाण्याचे वितरण बाजारपेठेच्या प्रत्येक गावातल्या मोबाइलच्या दुकानातून होत असे. मेमरी कार्ड द्यायचे आणि ‘नवीन गाणी भरून दे’ म्हणायचे. दुकानदाराला पैसे मिळत, कार्ड विकणाऱ्याला मिळत. गायक, कवी, संगीतकार आणि कंपनी यांपैकी कोणालाच दमडी मिळत नसे. ट्रॅक्टरवरची गाणी बव्हंशी याच मार्गाने आली. संजय लोंढे यांचे ‘शांताबाई’ २०१५ मध्ये वरातीत, मिरवणुकीत, डीजेवर अखंड वाजले. ज्या गाण्यावर अवघा महाराष्ट्र नाचला त्याच्या कर्त्याचे नाव नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरण्याचा धंदा बसला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. या दोन घटनांनी मराठी गाण्याची घडणच बदलली. संजू राठोड या जळगाव जिल्ह्यातल्या तरुण गायकाचे ‘गुलाबी साडी’ हे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले गाणे या बदलाचा उत्तम नमुना ठरावे. लेखन व गायन त्याचे स्वतःचे, संगीत जी-स्पार्क यांचे, पडद्यावर प्राजक्ता घाग आणि प्रकाशन गायकाच्याच नावाच्या यूट्यूब वाहिनीवरून. गाण्याचा विषय तरी काय, तर नटलेली तरुणी प्रियकराला आपला फोटो काढ म्हणते आहे. हे गाणे ऐकणाऱ्याने पुढे काय करायचे, याची सूचना गाण्यातच आहे. साडी नेसा, कॅमेऱ्यासमोर उभे राहा. लाखो जणींनी, आणि मराठीचा गंधही नसलेल्या अनेकींनी, तेच केले. माधुरी दीक्षितही त्याला अपवाद राहिल्या नाहीत. काही जाणकारांना हे सवंग वाटते. परंतु पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा कानात अडकला पाहिजे, त्यावर हातवारे करता आले पाहिजेत आणि भाषा न कळताही अर्थ पोहोचला पाहिजे, या तीन अटी सांभाळून गाणे बांधणे हे कसबच आहे. कॅसेटच्या काळात दोन्ही बाजू भरायच्या म्हणून रटाळ गाणी घुसडली जात, त्यापेक्षा ही शिस्त बरी.

खरा फरक मात्र मालकीचा आहे. ज्या गायकाची स्वतःची वाहिनी आहे, त्याच्या गाण्याचा प्रत्येक वापर मोजला जातो. कोणी ते उचलून स्वतःच्या चित्रफितीत वापरले, तरी यूट्यूबची यंत्रणा ते ओळखू शकते आणि जाहिरातीचे उत्पन्न मूळ मालकाकडे वळवू शकते. प्रल्हाद शिंदे यांच्या पिढीला ज्या हिशेबाची कल्पनाही करता आली नाही, तो आज गायकाच्या मोबाइलवर दिसतो. जळगाव जिल्ह्यातला मुलगा मुंबईच्या कंपनीचा उंबरठा न झिजवता देशभर पोहोचतो, ही साधी गोष्ट नाही.

अर्थात, कंपनीची जागा आता मंचाने घेतली आहे. दर मंच ठरवतो, कोणते गाणे कोणापुढे आणायचे हे मंच ठरवतो आणि तो नियम उद्या बदलला तर दाद मागायला कोणतीही सर्वसाधारण सभा भरत नाही. शिवाय वाहिनी ज्याची त्याचा हिशेब चोख. त्या गाण्यासाठी शब्द लिहिणारा गावातला कवी, ढोलकी वाजवणारा, कोरसमध्ये उभी राहणारी मुलगी यांना अजूनही ठोक रक्कमच मिळते. पूर्वी जे कंपनी गायकाशी करी, तेच आज वाहिनीचा मालक झालेला गायक इतरांशी करणार का, हा प्रश्न नाजूक आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो.

२०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, की तो वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांच्याखेरीज कोणाला लिहून देता येत नाही. गायकांसाठीही तरतूद झाली आणि २०१३ मध्ये त्यांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु मराठी गाणे सर्वांत मोठ्याने कोठे वाजते? हळदीत, वरातीत आणि धार्मिक मिरवणुकीत. कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातील वापराला सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही त्यातच मोडतात. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून, लग्नसमारंभांत गाण्यांसाठी कोणी रॉयल्टी मागू नये, असे पुन्हा बजावले. वधूपित्याला दिलासा देणारा हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. मात्र मराठी लोकप्रिय गाण्याचे मुख्य रान रॉयल्टीच्या कुंपणाबाहेर आहे, हाही त्याचा अर्थ होतो. हॉटेल, रेडिओ, वाहिन्या यांवर वाजणाऱ्या गाण्याला कायद्याचा लाभ अधिक. मांडवात वाजणाऱ्याला कमी. यातून मार्ग काढायचा तर ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाकडून वार्षिक शुल्क घेण्यासारखे पर्याय तपासावे लागतील. कार्यक्रम घरगुती असला तरी डीजेचा धंदा घरगुती नसतो.

त्यातच आता आवाजच उसना घेण्याची सोय झाली आहे. गायकाच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना संरक्षण दिले. हे दोघे न्यायालयात जाऊ शकले. तालुक्याच्या ठिकाणी पहिलेच गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या मुलाला तो मार्ग परवडणारा नाही. त्याच्या हाती उरते ते सही करण्यापूर्वी करारपत्र वाचणे, त्यात वाहिनी कोणाच्या नावाची आहे आणि आवाजाची नक्कल करण्याची मुभा कोणाला दिली आहे, हे पाहणे. ही करारपत्रे आजही बहुतेक इंग्रजीतच असतात.